मास्ट सेलवर पेरॉक्साइड टाकताय? आधी या चुका टाळा

डिसर्टेशनचा मोसम आला की तेच पोस्टर दिसतं, वर मोठ्या अक्षरात ‘आरओएसमुळे हिस्टामीन रिलीज’ (आरओएस म्हणजे पेरॉक्साइडसारखे ऑक्सिजनचे जहाल रेणू, हिस्टामीन म्हणजे ॲलर्जीत मास्ट सेल सोडतात ते रसायन), खाली डोसप्रमाणे चढत गेलेला ग्राफ, आणि पेशी जिवंत होत्या का असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

अरे, पेशीने स्वतःहून ग्रॅन्युल्स (हिस्टामीन साठवलेल्या पिशव्या) रिकाम्या केल्या तरी हिस्टामीन बाहेर येतं आणि पेशी मरून फुटली तरी येतंच. मडकं फोडलं तरी पाणी वाहतं, म्हणून काय नळ सोडला म्हणायचं? बीटा-हेक्सोसॅमिनिडेज या ग्रॅन्युलमधल्या एन्झाइमच्या टेस्टचा तो पिवळा रंग हा फरक दाखवत नाही. म्हणून त्याच सुपरनेटंटमधे (पेशींवरच्या द्रवात) एलडीएच हे एन्झाइम बघायचंच. ते ग्रॅन्युलमधे नसतं, सायटोप्लाझममधे असतं, त्यामुळे ते बाहेर दिसलं तर मेम्ब्रेन फाटलंय. हे नसेल तर मी ग्राफ बघतच नाही.

एका मुलाने मास्ट सेलसारख्या आरबीएल-2एच3 पेशींवर, पेशी वाढवायच्या नेहमीच्या डीएमईएम द्रवातच पेरॉक्साइड टाकलं. 100 मायक्रोमोलरला काही नाही, 200 ला काही नाही, सबमिशन तोंडावर, मग गड्याने थेट 5 मिलिमोलर मारलं आणि रिलीज धाडकन वर, सगळे खूश. मी प्लेटमधे ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशीतच शिरणारा रंग) टाकून बघितलं तर जवळजवळ सगळ्या पेशी निळ्या. कारण डीएमईएमच्या बाटलीच्या लेबलवरच लिहिलेलं होतं, 1 मिलिमोलर सोडियम पायरुवेट. पायरुवेट पेरॉक्साइडला थेट खाऊन टाकतं, एकास एक, म्हणजे 100-200 मायक्रोमोलर पेशींना नीट मिळालंच नाही आणि 5 ला पायरुवेट संपून उरलेल्या चारेक मिलिमोलरने पेशी मारल्या. मधला सगळा पल्ला, जिथे खरं काही दिसलं असतं, तो तपासलाच नाही. घाई नडते ती अशी.

मी पायरुवेट नसलेलं टायरोड बफरच (क्षारांचं साधं द्रावण) वापरते, ग्लुकोज आणि कॅल्शियम घालून, कारण कॅल्शियमशिवाय नीट डिग्रॅन्युलेशन, म्हणजे ग्रॅन्युल्स रिकाम्या होणं, होत नाही. आणि पेरॉक्साइडच्या बाटलीवर 30% लिहिलंय म्हणून 9.8 मोलर धरून चालू नका, ते पडून पडून कमी होतं. दरवेळी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 1 सेंमीच्या क्युव्हेटमधे 240 नॅनोमीटरला वाचा, 10 मिलिमोलरला साधारण 0.43 यायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही! शेजारी कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) टाकलेला एक वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, हवाच.

मुळात अँटिजेनने (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थाने) पेशीवरचे आयजीई अँटिबॉडीचे रिसेप्टर एकत्र ओढले की पेशी आतल्या आत स्वतःच थोडं आरओएस बनवते, ते सिग्नल विझवणाऱ्या फॉस्फेटेज एन्झाइमचं सिस्टीन ऑक्सिडाइज करून त्याला काही काळ बंद पाडतं, मग सिक या एन्झाइमकडून पुढे गेलेला सिग्नल जास्त टिकतो आणि कॅल्शियम चढतं. बाहेरून ओतलेलं पेरॉक्साइड ही त्याची ढोबळ नक्कल आहे, एवढं तरी डिस्कशनमधे लिहा.

बाकीचं पटापट. आरओएस दाखवणारा डीसीएफ डाय चमकला म्हणजे पेरॉक्साइडच असं नाही, तो डाय नुसत्या उजेडानेही चमकतो, अंधारात ठेवा आणि पेशी नसलेला वेल लावा. एनएसी हे अँटिऑक्सिडंट आम्लधर्मी असतं, पीएच 7.4 ला आणल्याशिवाय टाकू नका. डीपीआय या इनहिबिटरने रिलीज थांबलं म्हणून लगेच नॅडपीएच ऑक्सिडेजचं (आरओएस बनवणाऱ्या एन्झाइमचं) नाव घेऊ नका, डीपीआय मायटोकॉन्ड्रियाचंही काम अडवतं. आरबीएलवर पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून कंपाउंड 48/80 (मास्ट सेल चेतवणारं रसायन) लावू नका, या पेशी त्याला फारशी दाद देत नाहीत, डीएनपीविरोधी आयजीई लावून मग अँटिजेन म्हणून डीएनपी-बीएसए द्या.