सर्वेक्षणाची प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना: मसुद्यापासून डेटापर्यंत

विकास संस्थांच्या सर्वेक्षणात प्रश्नावलीचा अनुवाद बहुधा सगळ्यात शेवटी आठवतो. नमुना ठरतो, बजेट ठरतं, प्रगणकांच्या प्रशिक्षणाची तारीख ठरते आणि मग चार दिवस आधी फाइल अनुवादकाकडे जाते. डेटा तपासणारा आणि अनुवाद करणारा यांची तर गाठही पडत नाही. दोन कामांची दोन कंत्राटं निघाली की मधल्या चुकांना कुणी वाली उरत नाही. म्हणून सल्लागार म्हणून काम घेताना पहिली अट ही घाला: अनुवाद, मोबाइलवर भरायचा फॉर्म आणि डेटा तपासणी या तिन्हींसाठी एकच तक्ता राहील आणि तो सांभाळणारा माणूसही एकच असेल.

त्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नाची एक ओळ. कॉलम असे: प्रश्नाचा क्रमांक, व्हेरिएबलचं नाव (डेटा फाइलमध्ये त्या प्रश्नाच्या उत्तरांना दिलेलं नाव), मूळ मजकूर, प्रश्नाचा हेतू, पर्याय आणि त्यांचे कोड, पहिला अनुवाद, दुसरा अनुवाद, ठरलेला मजकूर, बदलाचं कारण, तारीख. व्हेरिएबलचं नाव एकदा ठरलं की बदलायचं नाही. प्रश्न पुढेमागे सरकला तरी नाही.

मूळ मसुद्याची झाडाझडती

अनुवादातल्या निम्म्या अडचणी मूळ मजकुरातच असतात. अनुवादकाला फाइल देण्याआधी चार गोष्टी शोधा. एका वाक्यात दोन प्रश्न आहेत का (‘पाणी पुरेसं आणि स्वच्छ मिळतं का’)? नकारार्थी विधानाला ‘असहमत’ हा पर्याय दिला आहे का? कालावधी नेमका आहे का, की ‘गेल्या महिन्यात’ असं मोघम लिहिलं आहे? मागचा कॅलेंडर महिना आणि मागचे ३० दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि एकक दिलं आहे का?

‘हेतू’ हा कॉलम रिकामा ठेवू नका. कुटुंबातल्या सदस्यांची यादी करताना एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकातलं जेवणारे मोजायचे आहेत की रक्ताचे नातेवाईक, हे अनुवादकाला कळलं नाही तर तो सोपा शब्द निवडेल आणि प्रत्येक प्रगणक त्याचा आपापला अर्थ लावेल. सदस्यसंख्या चुकली की दरडोई काढलेला प्रत्येक आकडा चुकतो.

कोडही इथेच ठरवा. ‘माहीत नाही’साठी ९८ आणि ‘उत्तर नाकारलं’साठी ९९ ही जुनी पद्धत आहे. वयाच्या किंवा रकमेच्या प्रश्नात मात्र ९८ हे खरं उत्तरही असू शकतं, आणि सरासरी काढताना हे कोड वगळायचे राहिले तर आकडा गुपचूप बदलतो. ऋण संख्या वापरा, उदाहरणार्थ -८८ आणि -९९, आणि पूर्ण प्रश्नावलीत त्याच ठेवा.

तयार मॉड्यूल नव्याने अनुवादित करू नका

अन्नसुरक्षा, अपंगत्व, मानसिक आरोग्य अशा विषयांची मॉड्यूल, म्हणजे तयार प्रश्नसंच, आंतरराष्ट्रीय संस्थांनी आधीच घडवलेली आहेत आणि अनेक भाषांत त्यांचे अधिकृत अनुवाद मिळतात. ते आधी शोधा. तुमच्या भाषेत नसेल, तर मॉड्यूलबरोबर येणारी अनुवादाची सूचना वाचल्याशिवाय कामाला हात लावू नका.

अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाच्या लघुसंचात सहा प्रश्न आहेत: दिसणं, ऐकू येणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं किंवा लक्ष एकाग्र करणं, स्वतःची निगा राखणं आणि संवाद. प्रत्येकाला चारच पर्याय आहेत: अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. या प्रश्नांत आणि त्यांच्या प्रस्तावनेत ‘अपंगत्व’ हा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही, कारण तो ऐकला की लोक अडचण सांगायला कचरतात. तरीही मदत म्हणून विभागाच्या मथळ्यात तो शब्द लिहिणारे अनुवादक भेटतात आणि प्रगणक तो मथळा मोठ्याने वाचतात. दुसरी चूक पर्यायांत होते. गणना करताना एका तरी प्रश्नाला ‘खूप अडचण’ किंवा त्यापुढचं उत्तर आलं तरच ती व्यक्ती धरली जाते. ‘थोडी’ आणि ‘खूप’ यांमधलं अंतर अनुवादात पुसट झालं की प्रमाण बदलतं, आणि ते भाषेमुळे बदललं हे अहवालात कुठेच दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) अन्न असुरक्षितता मापनात आठ प्रश्न असतात आणि ‘पैसे किंवा इतर साधनं पुरेशी नसल्यामुळे’ ही अट त्यांत पुनःपुन्हा येते. वाचायला कंटाळवाणी वाटते म्हणून संपादक ती पहिल्या प्रश्नात ठेवून पुढे गाळतो. मग उपास, पथ्य किंवा वेळ न मिळणं यामुळे चुकलेलं जेवणही भुकेच्या खात्यात जमा होतं. इथे भाषेच्या सफाईपेक्षा पुनरुक्ती महत्त्वाची.

दोन अनुवाद, एक बैठक

उलट अनुवादाची पद्धत अजूनही अनेक करारांत लिहिलेली असते: एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणायचं, आणि दोन्ही मजकूर जुळले की काम पास. ही तपासणी पुरेशी नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेला कृत्रिम अनुवाद परत नेताना हुबेहूब जुळतो, तर बोलीतला नैसर्गिक अनुवाद जुळत नाही. म्हणजे वाईट काम पास होतं आणि चांगल्यावर शेरे येतात. अनुवादाची भाषाच न येणाऱ्या व्यवस्थापकाला अंदाज यावा एवढ्यासाठी ती ठेवा.

युरोपियन सोशल सर्व्हेमध्ये वापरली जाणारी पद्धत अधिक चांगली आहे: दोन स्वतंत्र अनुवाद, एकत्र समीक्षा, अंतिम निर्णय, चाचणी आणि प्रत्येक टप्प्याची नोंद. समीक्षेच्या बैठकीला दोन्ही अनुवादक, विषयाचा जाणकार आणि क्षेत्रात काम केलेला एक अनुभवी प्रगणक हवाच. प्रगणकाला वगळलं की कागदावर शोभणारी पण तोंडात न बसणारी वाक्यं तशीच राहतात. मजकूर मोठ्याने वाचून ठरवा, कारण उत्तर देणारा तो वाचत नाही, ऐकतो. सलग पाच-सहा तासांवर बैठक नेऊ नका; शेवटच्या विभागांकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि नेमके उत्पन्न आणि कर्जाचे प्रश्न तिथेच असतात.

वेळेचा ढोबळ हिशोब असा. पर्याय आणि प्रगणकासाठीच्या सूचना धरून दीडशे प्रश्नांची प्रश्नावली सहा-सात हजार शब्दांची होते. अनुवादक दिवसाला सुमारे २,००० शब्द नीट करतो. म्हणजे दोघांचे समांतर साडेतीन दिवस, समीक्षेचे दोन, चाचणीचे तीन-चार, फॉर्म बनवून तपासायचे तीन. सुट्ट्या आणि मंजुऱ्या धरल्या तर तीन आठवडे. एका आठवड्यात मागणाऱ्या संस्थेला काय गाळलं जाईल ते लेखी कळवा.

मराठीत येताना व्याकरणाच्या दोन खास अडचणी येतात. पहिली लिंगाची. ‘तुम्ही कामावर गेला होता का’ हे बाईला विचारताना बदलावं लागतं, ‘तुम्ही काम केलं का’ हे बदलावं लागत नाही. शक्य तिथे दुसऱ्या प्रकारची रचना घ्या. घरातल्या इतरांबद्दल विचारताना ‘ही व्यक्ती’ वापरली की तो-तीचा प्रश्न सुटतो. ‘करावं लागलं का’ ही रचनाही लिंगनिरपेक्ष आहे, पण तिच्यात सक्तीचा अर्थ येतो. मूळ प्रश्नात सक्ती नसेल तर ती वापरू नका.

दुसरी अडचण फॉर्ममध्ये आपोआप येणाऱ्या शब्दांची. आधी दिलेलं उत्तर पुढच्या प्रश्नात घालण्याची सोय असते. पण ‘मुलगा’ हा शब्द घालून पुढे ‘चं वय’ लिहिलं तर पडद्यावर ‘मुलगा चं वय’ दिसतं. नात्याऐवजी व्यक्तीचं नाव घाला, किंवा वाक्य असं रचा की घातलेला शब्द प्रत्ययाशिवाय उभा राहील: ‘व्यक्ती: मुलगा. वय किती?’

चाचणी: उत्तर नको, आकलन हवं

प्रत्येक भाषेत एका फेरीला पाच ते दहा जण पुरेत, पण फेऱ्या निदान दोन हव्यात. पहिल्या फेरीनंतरची दुरुस्ती दुसरीत तपासायची असते. माणसं प्रत्यक्ष नमुन्यासारखीच निवडा, वेगवेगळ्या वयाची, कमी शिकलेलीही. कार्यालयातल्या सहकाऱ्यांवर केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. प्रश्न विचारून झाल्यावर खोदा: ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगाल का?’, ‘हा आकडा कसा काढलात?’, ‘कोणते दिवस धरले?’ एकाच प्रश्नावर दोघं-तिघं अडखळले तर शब्द बदलण्याआधी हेतूचा कॉलम उघडा. कधी कधी प्रश्नच काढावा लागतो.

फॉर्म आणि नमुना

ओडीके, कोबोटूलबॉक्स, सर्व्हेसीटीओ ही मोबाइलवर डेटा गोळा करायची साधनं एक्सएलएसफॉर्मसारख्या (एक्सेलमध्ये लिहिलेल्या) तक्त्यावर चालतात आणि प्रत्येक भाषेसाठी लेबलचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या प्रश्नाचा, वेगळा कॉलम घेतात. लेबलबरोबर प्रगणकाची सूचना, चूक झाल्यावर दिसणारा संदेश आणि पर्यायांची यादी यांचाही अनुवाद करावा लागतो. हे तीन कायम राहून जातात. पर्यायाचं नाव आणि कोड कोणत्याही भाषेत तोच. मुलाखत कोणत्या भाषेत झाली, हा प्रश्न शेवटी सक्तीचा ठेवा. फॉर्मची भाषा आणि बोललेली भाषा एकच असेल असं धरू नका.

भाषानिहाय निष्कर्ष हवे असतील तर नमुना त्या हिशोबाने घ्यावा लागतो. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक-मर्यादा आणि प्रमाण ५० टक्के धरलं तर साध्या यादृच्छिक नमुन्याला ३८५ मुलाखती लागतात. एका क्लस्टरमध्ये (एकाच ठिकाणी निवडलेल्या घरांच्या गटात) २० घरं आणि त्यांच्या उत्तरांतलं साम्य (सहसंबंध) ०.०५ असेल, तर १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ पट, अर्थात ७५१. दहा टक्के घरांतून मुलाखत मिळणार नाही असं धरलं तर ८३५. क्लस्टरमध्ये २०ऐवजी १० घरं घेतली तर हीच संख्या ६२२ वर येते, पण क्लस्टर ४२ वरून ६३ होतात आणि प्रवास वाढतो. हा आकडा प्रत्येक भाषागटासाठी स्वतंत्र. दोन गटांमधला फरक सिद्ध करायचा असेल तर तोही अपुरा पडू शकतो.

डेटात अनुवादाची चूक कशी दिसते

पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी डेटा उतरवा. प्रत्येक प्रश्नासाठी ‘माहीत नाही’ आणि नकार यांचं प्रमाण भाषेनुसार आणि प्रगणकानुसार काढा. एका भाषेत सगळ्याच प्रगणकांकडे ते वाढलेलं असेल तर दोष मजकुरात आहे. एकाच प्रगणकाकडे असेल तर दोष त्याच्या विचारण्यात. एवढा एक तक्ता रोज बघितला तरी बरंच हाती लागतं. मात्र भाषा आणि प्रदेश सहसा एकत्रच बदलतात, त्यामुळे फरक दिसला की लगेच अनुवादावर बोट ठेवू नका. आधी त्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ऐका.

संमतीचा मजकूर घड्याळ लावून वाचा आणि तो वेळ टिपून ठेवा. फॉर्ममध्ये संमतीचं पान त्याच्या एक तृतीयांश वेळात उलटत असेल तर ती वाचली जात नाही. वयांच्या शेवटी ० आणि ५ साचतात का, हे व्हिपल निर्देशांकाने मोजा: २३ ते ६२ वयाच्या एकूण लोकांचा पाचवा भाग काढा, २५, ३०, ३५ अशा ६० पर्यंतच्या वयांच्या लोकसंख्येला त्याने भागा आणि १०० ने गुणा. १०० म्हणजे साचणं नाही, ५०० म्हणजे सगळी वयं ० किंवा ५ वर. निदान दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाने जाऊन काही न बदलणारे प्रश्न पुन्हा विचारावेत, उदाहरणार्थ सदस्यसंख्या किंवा छताचा प्रकार. कालच्या खर्चाचं उत्तर वेगळं आलं म्हणून प्रगणकाला दोषी धरता येत नाही.

मैदानात काम सुरू झाल्यावर मजकूर दुरुस्त करावाच लागला, तर फॉर्मला नवा आवृत्ती क्रमांक द्या आणि तक्त्यात तारीख लिहा. जुना कोड नव्या अर्थाने कधीही वापरू नका. नवा पर्याय हवा असेल तर नवा कोड.

लिपीचे घोटाळे वेगळेच. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलवर डबल-क्लिक केलं की एक्सेलमध्ये देवनागरीची खिचडी दिसू शकते. फाइल डेटा मेनूतून आयात करा आणि अक्षरांच्या संकेतनासाठी यूटीएफ-८ निवडा. पंधरापेक्षा जास्त अंकांचे ओळख क्रमांक एक्सेल गोल करतं आणि सुरुवातीची शून्यं खातं, म्हणून ते कॉलम मजकूर म्हणूनच आणा. मुक्त उत्तरांत ‘कुऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो, डोळ्यांना सारखा, संगणकाला वेगळा, आणि नेहमीच्या युनिकोड सामान्यीकरणाने हे दोन एक होत नाहीत. मोजणीपूर्वी एकच रूप ठरवून शोधा-बदला करा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या आधी रूपांतरित करून काही पानं मूळ कागदाशी ताडून पाहा.

मुक्त उत्तरं आणि सुपूर्द करायच्या फाइली

‘इतर’मधली उत्तरं अनुवादित करून मग कोड देणं हा सोपा पण चुकीचा क्रम आहे. मूळ भाषेतच कोड द्या, आणि अहवालात उद्धृत करायची तेवढीच वाक्यं अनुवादित करा. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढण्याचा खर्च आधीच मागा: एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास लागतात, गटचर्चेला त्याहून जास्त.

नावं आणि फोन नंबर काढले म्हणजे डेटा निनावी झाला असं नाही. मुक्त उत्तरांच्या अनुवादात सरपंचाचं किंवा दवाखान्याचं नाव तसंच राहून जातं. ते वाक्य-वाक्य वाचूनच काढावं लागतं. घरांचे अक्षांश-रेखांश कधीच देऊ नका. अनेक देशांत होणाऱ्या डीएचएस (लोकसंख्या व आरोग्य) सर्वेक्षणांत तर क्लस्टरचं स्थानही शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागात सहसा ५ किलोमीटरपर्यंत सरकवून दिलं जातं. संस्थेला द्यायच्या संचात स्वच्छ डेटा, कच्चा डेटा, तपासणीचा संगणकीय प्रोग्राम, सर्व भाषांतली अंतिम प्रश्नावली आणि तो तक्ता बदलांच्या कारणांसह असावा. ओळख पटवणारी फाइल वेगळी आणि कुलूपबंद ठेवा, आणि ती व ध्वनिमुद्रणं कोणत्या तारखेला पुसली जातील हे करारातच लिहून घ्या.