जुळ्यांना पुस्तकांची गोडी कशी लावायची, एक पुस्तकाला चिकटते अन् दुसरी घरभर पळते तेव्हा

आमच्या घरी दोन पोट्ट्या आहेत, सहा मिनिटांच्या फरकानं जन्मलेल्या, आता पावणेतीन वर्षांच्या. मोठी मांडीवर बसून एकच पुस्तक सात वेळा ऐकते, लहानी दुसऱ्या पानालाच उठून दिवाणावर चढते. नागपुरात सगळ्यांकडे हेच चालतं की येणारा-जाणारा त्यांच्या तोंडावर म्हणतो, "ही हुशार दिसते, ती मस्तीखोर आहे ना?" मला ते फार लागतं, कारण पोरींना सगळं कळतं.

म्हणून पहिलं काम हे की दोघींवर कोणताच शिक्का नको, अगदी चांगला वाटणारासुद्धा नको. "ही बघून शिकते, ती हातानं शिकते" अशी वाटणी आजकाल बरेच जण करतात, पण 2008 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी यावरचे अभ्यास तपासले तेव्हा प्रत्येकाच्या स्टाइलप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकतात याचा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. स्वभाव वेगळे, आवडी वेगळ्या, एका जागी बसायची ताकद वेगळी, हे सगळं खरं आहे. पण बघणं, ऐकणं, हात लावणं दोघींनाही लागतंच.

दुसरं, अन् माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, रोज प्रत्येकीला एकटीला दहा मिनिटं द्या. जुळ्यांचं बोलणं बरेचदा थोडं उशिरा येतं, त्याचं एक कारण हे की आईबाबांचं बोलणं दोघांत वाटलं जातं, समोरासमोर एकटीशी कोणी बोलतच नाही. आमच्याकडे संध्याकाळी बाबा एकीला गेटपर्यंत नेतात, तेवढ्यात मी दुसरीला घेऊन बसते, दुसऱ्या दिवशी उलटं. आजी-आबा घरी असतील तर त्यांनाही यात घ्या.

मग वाचायचं कसं? सरळ वाचत सुटू नका. बोट शब्दांखालून फिरवा, चित्र दाखवून विचारा "हा काय करून राहिला?" अन् मग गप्प बसा, मनात पाचपर्यंत मोजा. ती "भूभू" म्हणाली की तुम्ही म्हणा "हो, काळा भूभू झोपला". तिच्याच शब्दाला दोन शब्द जोडायचे, बस. दोघी सोबत असल्या की आमची मोठी लहानीच्या वाटणीचंही उत्तर देऊन टाकते अन् लहानी नुसती मान हलवते. त्यासाठी मी पुस्तक जिच्या हातात तिचीच पाळी असा नियम केला, पहिला आठवडा रडारड झाली, नंतर जमलं. पुस्तकं जाड पुठ्ठ्याचीच घ्या अन् एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेण्यापेक्षा दोन वेगळी घ्या. मराठी गोष्टी स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवर फुकटही मिळतात, त्या मोबाइलवर दाखवण्यापेक्षा प्रिंट काढून पंच करून बांधा.

आता पळणारीचं. तिला धरून बसवू नका, तुम्ही वाचत राहा, ती खोलीत आहे म्हणजे ऐकते आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तिच्या हाती दिला अन् गोष्टीतला बैल जिथे जातो तिथे तो न्यायला सांगितला तर आमची लहानी पूर्ण गोष्ट संपेपर्यंत थांबली! मे महिन्यात तर अजून एक गंमत सापडली. दुपारी व्हरांड्यातली फरशी तापलेली असते, मी वाटीत पाणी अन् जुना रंगाचा ब्रश दिला, फरशीवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढून दाखवलं. ते अर्ध्या मिनिटात वाळून गायब, ती ओरडली "गेलं!" अन् स्वतःच ब्रश बुडवून रेघा ओढायला लागली, पाठोपाठ पुस्तकवाली मोठीही आली. पायाला चटका बसत नाही ना तेवढं आधी बघा, सावलीतच खेळवा.

अक्षरांच्या आधी आवाज येऊ द्या. शब्द टाळ्यांत तोडा, सं-त्रं दोन टाळ्या, फु-टा-ळा (आमच्या नागपूरचा तलाव) तीन. मराठी लिहितानाही बहुतेक असेच तुकडे पडतात म्हणून हा खेळ पुढे वाचताना कामी येतो. मग पहिलं अक्षर तिच्या नावाचं, दुसरं बहिणीच्या नावाचं. अ-आ-इ-ई क्रमानं घोकून घेणं, बाराखडी, पेन्सिल, हे आत्ता काहीच नको, बोटंच तयार नसतात. घ-ध, भ-म असे दिसायला सारखे तर सोबत दाखवूच नका. रस्त्यावर दुकानांच्या पाट्या, मेट्रो स्टेशनचं नाव, महाराजबागेत पिंजऱ्यासमोरची पाटी, यातलं एखादंच ओळखीचं अक्षर शोधा. पाटी हिंदी असली तरी हरकत नाही, लिपी तीच आहे.

स्क्रीन 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, तोही कमी झाला तर चांगलंच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे.

शेवटी तपासणीचं. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द अन् "पाणी दे" असे दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं. ते नसेल, किंवा हाक मारल्यावर बघत नसेल तर "जुळ्यांचं असंच असतं" म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा अन् कान आधी तपासून घ्या. जुळी लवकर जन्मली असतील तर दोन वर्षांपर्यंत वय ठरलेल्या तारखेपासून मोजतात, तेही डॉक्टरांना सांगा. अन् दोघींचे शब्द वेगवेगळ्या कागदावर लिहा, नाहीतर एकीचे शब्द दुसरीच्या खात्यात जातात. आमच्या फ्रिजवर दोन कागद आहेत. काल लहानीच्या कागदावर दोन नवे शब्द चढले, "ओलं" अन् "वाळलं".