न पटणाऱ्या सहकाऱ्यासाठी कामाची वही

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर दोन पाळ्यांचे कर्मचारी एकमेकांना आवडत नसले, की पाळी बदलताना नीट बोलणे होत नाही आणि राहिलेल्या कामाचा दोष दुसऱ्यावर जातो. यावर एक साधी दोनशे पानी वही पुरते.

१. पाळी संपण्यापूर्वी काट्यावर उभ्या असलेल्या गाडीचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन घ्यायचे बाकी आहे का, आणि कापसातील ओलावा किती निघाला, एवढेच वेळेसह लिहावे. ओलाव्याचा आकडा कधीही सोडू नये, कारण हमीभाव खरेदीत आठ टक्क्यांच्या वर भावात कपात होते, बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही, आणि दोघांच्या अबोल्यात रात्रभर ताटकळलेल्या शेतकऱ्याचे नुकसान होते, जे मला सर्वांत जास्त खटकते.

२. नोंद पुढच्या पाळीच्या सहकाऱ्यासमोर वाचून दाखवावी आणि दोघांनी सही करावी. "भाऊ, एवढं बाकी आहे" इतके बोलणे पुरेसे असते.

३. चूक सापडल्यास चारचौघांत न बोलता त्या ओळीवर बोट ठेवून विचारावे.

वहीत स्वभाव, टोमणे किंवा जुनी भांडणे लिहू नयेत. मात्र प्रकार शिवीगाळ किंवा धमकीपर्यंत गेला असेल, तर वहीवर विसंबू नये. मालकाकडे तारखेसह लेखी तक्रार द्यावी. महिला कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ होत असल्यास, आणि तिथे दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे अंतर्गत समिती नसल्यास, २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.