‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे’ असं दिसलं की या चुका टाळा

दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधताना, फुकट मॅच बघायला गेल्यावर, नाहीतर साइटच्या नावात एखादं अक्षर चुकलं म्हणून अचानक अख्खा स्क्रीन व्यापला जातो. मायक्रोसॉफ्टचं चौरंगी चिन्ह, ‘ट्रोजन सापडला’, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’, खाली एक टोल-फ्री नंबर आणि जोडीला स्पीकरमधून भोंगा. वर कोपऱ्यातली फुली गायब, कधी कधी माउसचा बाणसुद्धा.

हे सगळं म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं एक वेब पान असतं, बाकी काही नाही. असं पान तुमची हार्ड डिस्क तपासूच शकत नाही. सरकणारी पट्टी आणि भराभर वाढणारा व्हायरसचा आकडा हे आधीच करून ठेवलेलं ॲनिमेशन असतं. तुमचं शहर आणि आयपी पत्ता (नेटवरचा तुमच्या जोडणीचा नंबर) दाखवून ते भाव खातं, पण तेवढी माहिती तुम्ही उघडलेल्या कुठल्याही साइटला मिळते. तीही धड नसते, साताऱ्यात बसलेल्याला तिथे मुंबई दिसू शकते. खरं-खोटं ओळखायची खूण एकच पुरे: विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलं आहे.

पानावरच्या बटणांशी झटापट

‘ओके’, ‘कॅन्सल’, ‘स्कॅन थांबवा’ यातलं काहीही दाबू नका. पानाच्या आत दिसणारी फुलीसुद्धा बऱ्याचदा नुसतं चित्र असते आणि तिच्यावर क्लिक केलं की पान आणखी पसरतं. त्यापेक्षा कीबोर्ड वापरा. एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरली की पूर्ण स्क्रीन सुटतो. मग कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून टॅब बंद करा, किंवा ऑल्ट आणि एफ४ दाबून अख्खी खिडकी. काही लॅपटॉपवर एफ४ सोबत एफएनची कळही लागते. तरी हटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. पॉवरचं बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय. त्यात सेव्ह न केलेलं काम जाईल, इतकंच.

पुढची पायरी बरेच जण चुकतात. ब्राउझर पुन्हा उघडला की तो आपणहून विचारतो, मागची पानं परत आणू का? सवयीने ‘हो’ म्हटलं की तेच पान परत हजर, आणि घरात बोंब, व्हायरस गेलाच नाही! नाही म्हणा. न विचारताच पानं परत आणायची सेटिंग असेल तर आधी वाय-फाय बंद करा, ब्राउझर उघडा, तो टॅब बंद करा, मग नेट सुरू करा.

‘अलाऊ’ दाबून मोकळं होणं

उजव्या कोपऱ्यात खालून सारखं ‘अँटीव्हायरसची मुदत संपली, पाच व्हायरस सापडले’ असं वर येत असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी कधीतरी ‘रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ या सापळ्यात अडकलेलं असतं. ती त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी असते. मग स्कॅन करा, अँटीव्हायरस बदला, दुसरा विकत घ्या, काही सापडत नाही, कारण सापडण्यासारखं तिथे काही नसतंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. अँड्रॉइड मोबाइलवरच्या क्रोममध्येही हाच प्रकार आणि हाच उपाय.

त्या नंबरवर फोन करणं

इथवरच्या चुकांनी फारसं बिघडत नाही. खरा धंदा इथून पुढे आहे. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो आणि एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावून तुमचा स्क्रीन हातात घेतो. ही ॲप्स चांगलीच आहेत, ऑफिसांत रोज वापरली जातात, म्हणून अँटीव्हायरसही सहसा ओरडत नाही. मग तो विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडतो. त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी दिसतात. ‘बघा काका, हे सगळे व्हायरस!’ प्रत्यक्षात तुमच्या शेजाऱ्याच्या ठणठणीत कॉम्प्युटरवरही त्या तशाच असतात. कुठली सेवा उशिरा सुरू झाली, कुठला ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) अडला, याची ती डायरी आहे. काही जण कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा टाईप करतात आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ हा रकाना दाखवून परदेशी हॅकर आत शिरल्याचं सांगतात. नेटवर पलीकडच्या ज्या ज्या कॉम्प्युटरशी तुमचा कॉम्प्युटर बोलतोय त्यांचे ते पत्ते. मग तो भारतातलाच का असेना, रकान्याचं नाव तेच.

एवढी भीती घालून झाली की पैशांची गोष्ट निघते: तीन वर्षांचा प्लॅन, नाहीतर चुकून जास्त कापलेली रक्कम ‘परत’ करायला नेट बँकिंग उघडा म्हणून आग्रह. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना गिफ्ट कार्डं आणायला पाठवतात. आणि यातली बरीच कॉल सेंटर्स आपल्याच देशात आहेत. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र २’ खाली अनेक राज्यांत छापे घातले ते याच धंद्यावर.

गूगलवर ‘अमुक अँटीव्हायरस कस्टमर केअर नंबर’ शोधून पहिल्या जाहिरातीवरचा नंबर फिरवणं हाही त्याच दारातून आत जायचा रस्ता आहे. नंबर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा बिलावरून घ्या.

फोन करून झाला असेल तर

आधी वाय-फाय तोडा, मग ते ॲप काढून टाका. बँकेला लगेच फोन करा. दुसऱ्या मोबाइलवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. घाईला कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ‘मुलगा संध्याकाळी आला की बघू’ हे महागात पडतं.

आणखी एक चूक लाजेपोटी होते: कुणाला कळू नये म्हणून मशीन फॉरमॅट करून टाकणं. आधी नंबर, स्क्रीनचे फोटो, व्यवहाराचे एसएमएस जपून ठेवा आणि तक्रार करा. फॉरमॅट नंतर.

मनात शंका उरलीच तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. खरा व्हायरस सापडला असेल तर त्याची नोंद ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त असते, आणि ती दिसली तर मात्र दुर्लक्ष करू नका. तिथेच ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत काम होतं, फुकटात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं आहे. त्याचाच आधार घेऊन ‘तुमचं विंडोज बंद पडणार’ अशी भीती घालणारी पानं आली तर नवल नाही. अपडेटचं जे काही असेल ते विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये दिसतं, ब्राउझरमध्ये नाही.

आईवडिलांचा कॉम्प्युटर तुम्ही सांभाळत असाल तर पुढच्या खेपेला एवढं करून ठेवा: नोटिफिकेशनची परवानगी मागायला सगळ्याच साइटना बंदी, ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर.