गावातल्या गेमिंग पीसीसाठी एसएमपीएस कसा निवडावा

मे महिन्यात माझ्या भाच्याचा पीसी गेम सुरू केला की पाच मिनिटांत फटकन बंद पडायचा. सिनेमा लावला तर दिवसभर चालायचा. ग्राफिक्स कार्डाने जोर लावला की मशीन बसत असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना पुरवणाऱ्या डब्यावर घ्यावा. पण लगेच पैसे काढू नका. आधी प्रोसेसर आणि कार्डाचे पंखे नीट फिरतात का बघा, तापल्यानेही असंच होतं. मग कुणाचा तरी दणकट एसएमपीएस संध्याकाळपुरता मागून आणा आणि लावून पाहा. जुना मात्र खोलायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) काही वेळ 300 च्या वर व्होल्ट राहू शकतात.

आता वॉट. रायझन 5 5600 प्रोसेसरचे 90 वॉट धरा, आरटीएक्स 3060 कार्ड 170 पर्यंत जातं. मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे 60 धरा. झाले 320 च्या आसपास. कार्ड मधूनच उसळी मारतं, म्हणून त्याच्यासाठी 550 वॉटचा एसएमपीएस सुचवलेला असतो. तोच घ्या.

खोक्यावरच्या आकड्याला मात्र भुलू नका. बाजूचं स्टिकर वाचा, 12 व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले 12 करा. भाच्याला कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर ठळक 450 वॉट छापलं होतं, आणि 12 व्होल्टखाली 16 अँपिअर. म्हणजे 192 वॉट! चांगल्या 550 वाल्यावर 45 च्या आसपास अँपिअर सापडतात. 80 प्लस ब्राँझ वगैरे शिक्के वीज किती वाया जाते तेवढंच सांगतात, माल टिकाऊ आहे असं नाही.

आपल्याकडे खरी परीक्षा घेते ती लाइन. ओलिताच्या दिवसांत डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) मोटारी चढल्या की घरातला पंखा रेंगाळतो. मीटर लावलं तर 170 व्होल्ट. स्टिकरवर इनपुट 200-240 लिहिलं असेल तर तो एसएमपीएस घेऊ नका, 100-240 वाला मागा. उलट मोटारी बंद झाल्यावर लाइन 260 च्या वर चढत असेल, तर त्यालाही स्टॅबिलायझर लागतोच. आणि लाइट गेल्यावर पीसी बॅटरीवर चालवणारा यूपीएस घेणार असाल, तर साधा 600 व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या ताकदीचं माप) साधारण 360 वॉटच पेलतो. गेमच्या भरात भिंतीतून तेवढी वीज सहज ओढली जाते, तेव्हा 1000 व्हीएच्या खाली जाऊ नका.

तापमानही विचारा. पूर्ण वॉट 40 अंशांपर्यंत देतो की 50 पर्यंत? अकोला-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात 40 वाल्याचा दम निघतो. भाच्याच्या खोलीत तर शेजारीच कापसाची थप्पी. एसएमपीएसच्या जाळीवर बोटभर जाड कापसाची गादी निघाली. ती दर महिन्याला ब्रशने काढावी.

नवा बसवताना जुन्या केबल काढून टाका. मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुटी होणाऱ्या केबलचं एसएमपीएसकडचं टोक सारखं दिसलं, तरी पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असू शकतो, डिस्क जळू शकते. प्रोसेसरची आणि कार्डाची आठ पिनी केबलही वेगवेगळी. बसत नसेल तर दाबू नका.

शेवटी तीन पिनी प्लग अर्थिंग असलेल्या बोर्डातच लावा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलवा, गेम नंतर.