पहिल्या थंडीत एक दिवस कानाझावाला जाऊन या

तोक्योत नवीन आलेल्या आपल्या लोकांचं पहिल्या डिसेंबरात एकच चालू असतं, ऑफिस, घर, एसीचं हीटर आणि रात्री घरी व्हिडिओ कॉल, आणि कुठे जायचा विषय काढला की "साकुरा (चेरीचा बहर) येऊ दे, मग फिरू". मीही पहिल्या वर्षी हेच केलं. आता तोक्योच्या निशिकासाई भागात ११ वर्षं झाली आणि कुणी नवीन कुटुंब भेटलं की मी आधी हेच सांगते, मार्चची वाट बघू नका, जानेवारीतला एखादा शनिवार धरा आणि जपानच्या समुद्राकाठच्या कानाझावाला जाऊन या. थंडीत कसं राहायचं, काय घालायचं, काय खायचं, ते त्या गावातल्या माणसांकडे नुसतं बघूनसुद्धा कळतं.

तोक्योत थंडीत कोरडं ऊन आणि तिकडे बर्फ, असं का विचाराल तर आपल्या सह्याद्रीसारखंच समजा. सैबेरियाकडून येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना भरपूर वाफ घेतो, डोंगराला अडतो आणि अलीकडेच सगळं ओततो. म्हणजे कानाझावा हे कोकण आणि तोक्यो हा माण-फलटणचा भाग. म्हणून तोक्योचं हवामान बघून बॅग भरू नका. तिकडे म्हणच आहे, "बेंतो वासुरेतेमो कासा वासुरेरुना", डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. एका दिवसात ऊन, पाऊस, गारा, बर्फ सगळं होतं, आणि ढग गडगडतात तेसुद्धा थंडीत. त्या गडगडाटाला तिथे "बुरी ओकोशी" म्हणतात, म्हणजे बुरी मासा जागा करणारा, कारण तो सुरू झाला की बुरीचा हंगाम आला.

कपड्यांपेक्षा बुटांची काळजी घ्या, हे मनापासून सांगते. मी पहिल्यांदा गेले ती कापडी स्पोर्ट्स शूज घालून. तिथे रस्त्याच्या मधोमध नळ्या असतात, त्यातून जमिनीखालचं पाणी उडत राहतं आणि त्याने बर्फ वितळतो (रस्त्यावर तांबूस डाग दिसतात ना, ते त्या पाण्यातल्या लोखंडाचे). व्यवस्था फार छान आहे पण पाय ठेवाल तिथे गार चिखलपाणी. अर्ध्या तासात माझे मोजे भिजले, आणि जेवायला बसलो तिथे तातामीची खोली, बूट बाहेर काढायचे, ओल्या मोज्यांनी त्या स्वच्छ चटईवर पाय ठेवताना इतकं ओशाळल्यासारखं झालं! तेव्हा वॉटरप्रूफ बूट आणि पिशवीत मोज्यांचा एक जादा जोड, लहान मुलं असतील तर दोन. अंगात हीटटेक (थंडीचे पातळ, गरम आतले कपडे), वर स्वेटर, वर जाकीट, असं काढता-घालता येईल ते, कारण ट्रेनमध्ये आणि दुकानात भयंकर उकडतं. होक्काइरो, म्हणजे आपोआप गरम होणाऱ्या छोट्या पुड्या, कुठल्याही कोंबिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात) मिळतात, पण ते कपड्यावरच चिकटवा, कातडीवर कधीच नाही, हळूहळू भाजतं आणि आपल्याला कळतही नाही.

तोक्योहून कागायाकी शिन्कान्सेन अडीच तासांत पोचवते, एका बाजूचे साधारण १४ हजार येन पडतात. स्वस्त नाही, पण वर्षातून एकदा करा. कागायाकीत सगळ्या सीट आरक्षित असतात, तेव्हा आयत्या वेळी स्टेशनवर जाऊ नका. पहाटेची पहिली गाडी घ्या आणि डाव्या बाजूला बसा, आकाश मोकळं असेल तर तोयामाजवळ तातेयामाची बर्फाळ रांग दिसते.

उतरलात की सामान लॉकरमध्ये टाका, बसचा दिवसभराचा पास घ्या आणि थेट केनरोकुएन बाग गाठा, गर्दी व्हायच्या आत. तिकीट ३२० येन, ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी फुकट. इथे बघायचं ते युकित्सुरी. कोकणात पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना झावळ्यांचे झाप बांधतात ना, तसं इथे १ नोव्हेंबरपासून झाडांना दोर बांधायला घेतात. झाडाच्या मधे उंच खांब, त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला एकेक दोर, छत्रीच्या काड्यांसारखे. इथला बर्फ ओला आणि जड, फांदी मोडते, म्हणून हा आधार. तळ्याकाठच्या कारासाकी पाइनला पाच खांब आणि जवळजवळ ८०० दोर आहेत. जवळ जाऊन बघा, दोर भाताच्या पेंढ्याचा असतो, फांदीला घट्ट आवळलेला नसतो, नुसता धरून ठेवलेला असतो. मी तिथे पंधरा-वीस मिनिटं उभी होते, बर्फ पडत होता आणि दोरांवर बारीक पांढरी रेघ धरत होती. एका म्हाताऱ्या झाडासाठी दरवर्षी माणसं एवढं करतात हे बघून मला फार भरून आलं होतं.

तसंच नागामाचीत, सामुराईंच्या जुन्या गल्लीत, मातीच्या भिंतींना डिसेंबरपासून पेंढ्याच्या चटया लावतात. वेळ असेल तर तिथूनही चक्कर मारा. हिगाशी चाया या जुन्या चहाघरांच्या वस्तीतली लाकडी घरं सुंदर आहेत, सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम तिथेच मिळतं, जपानचा जवळपास सगळा वर्ख या गावात बनतो. वर्खाला चव नसते, मुलांनी हट्ट केला तर घ्या.

भूक लागली की ओमिचो बाजार. जवळपास ३०० वर्षं जुना. मासे खाणाऱ्यांनी कोबाको, म्हणजे खेकड्याची लहान मादी, शोधावी. ती फक्त ६ नोव्हेंबर ते २९ डिसेंबर मिळते, नंतर बंदी, तेव्हा तिच्यासाठी जायचं तर डिसेंबरातच जा. आपल्याकडे लाख भरलेली चिंबोरी खाल्लेल्या माणसाला काही समजावायची गरज नाही, आत केशरी लाख आणि बाहेर बारीक कुरकुरीत अंडी. जानेवारीत गेलात तर बुरी खा. बाजारात चालत खायचं नाही, घ्याल त्या दुकानासमोरच उभं राहून खा आणि काड्या-वाट्या तिथेच परत द्या, कारण कचऱ्याचे डबे कुठेच सापडत नाहीत. नववर्षाच्या सुट्टीत बहुतेक दुकानं बंद असतात हेही लक्षात ठेवा.

शाकाहारी लोकांनो, तुमच्यासाठी नीट सांगते. "निकु नाशी" म्हटलं की फक्त मांस वगळतात, रस्सा मात्र दाशीचाच, म्हणजे माशाच्या अर्काचाच असतो. "साकाना मो, दाशी मो दामे देसु" असं स्पष्ट म्हणा, आणि ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, ते खरं सांगतात. घरून दशम्या, चटणी, थर्मासमध्ये चहा घेऊन जा, शिन्कान्सेनमध्ये डबा खाल्लेला चालतो. बाजारात भाजलेलं रताळं मिळालं तर सोडू नका.

पाचच्या सुमाराला अंधार पडू लागतो. तेव्हा ओदेनच्या (रश्शात शिजवलेल्या पदार्थांच्या) दुकानात शिरा, काउंटरवर बसा. चौकोनी भांड्यात मुळ्याचे जाड काप, अंडी, गव्हाच्या प्रथिनाचं चाकासारखं कुरुमाफु, सगळं मंद शिजत असतं. नावं येत नसतील तर बोटाने दाखवा, कुणाला राग येत नाही. एक कुरुमाफु घ्याच, रस्सा पिऊन ते इतकं जड झालेलं असतं की चॉपस्टिकने उचलताना वाटीजवळ न्यावं लागतं.

काही घरी न्यायचं असेल तर जवळच्या नोतो द्वीपकल्पाचं मीठ किंवा तिथल्याच वाजिमा गावची लॅकर लावलेली लाकडी वस्तू घ्या. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तिथल्या लोकांचं फार नुकसान झालं, त्यांच्या मालाला गिऱ्हाईक हवं आहे. परतीचं तिकीट ७ च्या सुमाराचं काढा, आणि गाडीत बसल्या बसल्या मोजे बदला.