पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेत आहात? सेटल्ड स्टेटसच्या या चुका टाळा

स्विंडनपासून लेस्टरपर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले आपले गोंयकार पुष्कळ आहेत. मी दर शनिवारी एका नोंदणीकृत सल्ला केंद्रात मदतीला बसतो आणि तिथे त्याच त्या चुका बघतो. सेटल्ड स्टेटस म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपीय पासपोर्टवाल्यांना यूकेत कायम राहायला मिळणारी परवानगी. ज्या स्टेटसवर अख्ख्या कुटुंबाचं इथलं राहणं अवलंबून आहे, त्याची इतकी हेळसांड बघवत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अर्जात एजंटाचा ईमेल आणि एजंटाचाच मोबाइल नंबर. पेडण्याकडचा एक तरुण गोदामात कामाला होता. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली, कंपनीने शेअर कोड मागितला, म्हणजे स्टेटस ऑनलाइन तपासायचा कोड. आम्ही लॉगिन करायला बसलो. पहिलाच प्रश्न पासपोर्टच्या नंबराचा. अर्ज केला तो पासपोर्ट संपून नवा आला होता आणि जुन्याची झेरॉक्सही त्याने ठेवली नव्हती. शेवटी गावाहून बहिणीने जुन्या तिकिटाच्या कागदांत शोधून नंबर पाठवला. तो टाकला, जन्मतारीख टाकली, कोड पाठवल्याचं पडद्यावर आलं. त्याच्या फोनवर मात्र काहीच नाही, ईमेलवरही नाही. २०१९ साली एजंटाने सगळीकडे स्वतःचेच नंबर घातले होते. दुकान केव्हाच बंद झालेलं, फोन लागेना. होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, मदत केंद्राला फोन, ओळखीचे पुरावे, पुन्हा फोन, यात आठवडे गेले आणि ती नोकरी दुसऱ्याला मिळाली.

या अर्जाला फी नाही. एक पौंडही नाही. तरी लोक एजंटाला पैसे मोजतात, कारण त्यांना तासभर बसून स्वतः वाचायचं नसतं. ही घाई मला कधीच पटलेली नाही. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं यूकेत गुन्हा आहे, मग तो फुकट दिला तरी. त्यामुळे कोणाकडे जायचंच असेल, तर आधी इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीच्या यादीत त्याचं नाव बघा. ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, ईमेलचा पासवर्ड तुमच्याच वहीत. पासपोर्ट, फोन नंबर किंवा पत्ता बदलला की त्याच आठवड्यात खात्यात बदला. जुना पासपोर्ट फेकू नका.

दुसरी चूक सुट्ट्यांच्या हिशोबाची. चतुर्थीला गावी गेलं, आई आजारी पडली, राहणं लांबलं, असं घरोघरी होतं. सेटल्ड मिळायला आधीचा नियम यूकेत सलग ५ वर्षं राहण्याचा होता आणि कोणत्याही १२ महिन्यांत ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की सलगपणा तुटायचा. महत्त्वाच्या कारणासाठी एकदा १२ महिन्यांपर्यंतची सूट होती, पण ती मागितल्याशिवाय कोण देणार? हा नियम ऐकून ऐकून कित्येकांनी ‘आपलं आता काही होत नाही’ म्हणत प्री-सेटल्डवरच, म्हणजे ५ वर्षं भरण्याआधीच्या तात्पुरत्या स्टेटसवरच, दिवस काढले. जुलै २०२५ पासून प्री-सेटल्ड असलेल्यांसाठी नियम सैल झालाय. मागच्या ६० महिन्यांत सगळे मिळून ३० महिने यूकेत राहिलेले असलात तरी सेटल्ड मिळू शकतं. म्हणून जुन्या ऐकीव माहितीवर हातपाय गाळू नका, कागद काढून महिने मोजा. ‘आपोआप होतंय म्हणे’ म्हणून वाट बघत बसणंही चूकच. सरकारने काही जणांचं आपोआप बदललंय हे खरं, पण तुमचा नंबर त्यात लागेलच असं नाही.

यूकेत राहिल्याच्या पुराव्यासाठी मित्रांची पत्रं, लग्नाचे फोटो, शुभेच्छापत्रं आणू नका, ती चालत नाहीत. नॅशनल इन्शुरन्स नंबरवरून कर खात्याची नोंद सापडली तर पुष्कळदा वेगळा कागद लागतच नाही. अडतात त्या घर सांभाळणाऱ्या बायका, कारण पगार नाही आणि बिलं सगळी नवऱ्याच्या नावावर. वहिनी, काउन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलावर तुमचंही नाव घालून घ्या, जीपीकडे (आपल्या भागातल्या डॉक्टरकडे) नोंदणी करा, बँकेत स्वतःचं खातं उघडा आणि ते वापरा. माझी सवय सांगतो : एप्रिलमध्ये काउन्सिल टॅक्सचं बिल आणि मे अखेर पी६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) हाती आला की त्याच दिवशी स्कॅन करून वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकायचा.

ब्रेक्झिटआधी काढलेलं परमनंट रेसिडेन्सचं कार्ड ३० जून २०२१ नंतर चालत नाही. ते दाखवून भागेल असं अजूनही मानणारे भेटतात.

इथे जन्मलेलं बाळ आपोआप ब्रिटिश असतंच असं नाही. आईवडिलांपैकी एकजण जन्माच्या वेळी सेटल्ड किंवा ब्रिटिश हवा. दोघंही प्री-सेटल्ड असाल, तर बाळाचा स्टेटसचा अर्ज जन्मापासून ३ महिन्यांच्या आत करा.

आणि सेटल्ड मिळालं म्हणून गावी जाऊन निर्धास्त राहू नका. सलग ५ वर्षं यूकेबाहेर राहिलात तर ते जातं. नागरिकत्व घ्यायचं असेल तर सेटल्ड झाल्यावर साधारणपणे १२ महिने थांबावं लागतं. जोडीदार ब्रिटिश असेल तर तेवढं थांबावं लागत नाही. त्या अर्जाला मात्र फी आहे आणि ती चांगलीच जड आहे, तेव्हा पैसे आतापासून बाजूला काढा.